‘टोचतंय’ म्हणालो ना!

बालमित्रांनो,

काय, परीक्षा संपल्या की अजून एखादा पेपर उरलाय? उरला असेल तर हे पान उशीखाली ठेवा आणि पेपर झाला की वाचा. चैत्र लागला आहे. पाडव्याची गुढी उतरली, साखरेची गाठी तुम्ही केव्हाच फस्त केली असेल. आता घरोघरी कैऱ्या किसल्या जातील, गच्चीवर कुरडया-पापड्या वाळत पडतील आणि राखणीला तुम्हालाच बसवलं जाईल. (राखण करता करता ओल्या पापड्या किती पोटात गेल्या, ते मी विचारणार नाही!)

आज मी तुम्हांला आमच्याच घरची एक गोष्ट सांगणार आहे. गेल्या वर्षी महाशिवरात्रीला ती सुरू झाली आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला संपली. म्हणजे तशी ती संपलेली नाहीच, पण ते पुढे सांगते.

आमच्या घरात आम्ही पाच जण. मी, बाबा, आजी, ताई आणि छोटू. तेव्हा ताई आठवीत होती, छोटू दुसरीत. आजी मूळची सोलापूरची. सोलापूरची म्हटल्यावर काय, शेंगांची चटणी आलीच! लसूण, जिरं, लाल तिखट आणि भाजलेले शेंगदाणे खलबत्त्यात असे कुटायचे की त्यांना तेल सुटलं पाहिजे. संक्रांतीला शेंगापोळी, उपासाला खिचडी, एरवी भरल्या वांग्यात, काकडीच्या कोशिंबिरीत, अळूच्या भाजीत, जिथे तिथे दाण्याचं कूट. ओट्यावर पितळेचा एक मोठा डबा होता. आजीच्या आईनं तिला लग्नात दिलेला. तो कुटानं कायम भरलेला असायचा. डबा अर्ध्यावर आला की आजीला चैन पडायचं नाही.

छोटूची मात्र कुटाशी कट्टी. लहानपणापासून खिचडी दिसली की तोंड वाकडं. शेंगाचटणी नको, चिक्की नको. का रे बाबा? तर म्हणायचा, “जिभेला टोचतं.” आम्ही सगळे हसायचो. “खिचडीला काय काटे असतात?” असं ताई चिडवायची. आजी म्हणायची, “नखरे हो नुसते.” आणि मी? मीही तेच म्हणायचे. दोन घास जबरदस्तीनं भरवायचे. दोन घास तो कसेबसे गिळायचा, पाणी प्यायचा आणि पळायचा.

त्या शिवरात्रीला मी ठरवलं, आज याचे नखरे मोडायचे. “बशी रिकामी झाल्याशिवाय उठायचं नाही.” छोटू रडत रडत खात होता. पाच-सहा घास झाले असतील. मग तो म्हणाला, “आई, पोटात कसंतरी होतंय.” मी म्हटलं, “बहाणे पुरेत.” तेवढ्यात त्याला भडभडून उलटी झाली. मानेवर, पोटावर लाल लाल गांधी उठल्या. ओठ बघता बघता सुजले. खोकला सुरू झाला आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

बाबांनी त्याला उचललं आणि रिक्षानं जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एका दृष्टिक्षेपात ओळखलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला एक इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात शिट्टी थांबली. रात्रभर त्याला तिथेच ठेवून घेतलं. पहाटे तो जागा झाला, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला,

“मी टोचतंय म्हणालो होतो ना?”

मुलांनो, माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

*

पुढे ॲलर्जीच्या डॉक्टरांनी त्याच्या हातावर शेंगदाण्याच्या अर्काचा थेंब ठेवून बारीक सुईनं टोचून पाहिलं. पंधरा मिनिटांत तिथे डास चावल्यासारखी गांधी आली. रक्तही तपासलं. छोटूला शेंगदाण्याची ॲलर्जी होती.

ॲलर्जी म्हणजे नेमकं काय? डॉक्टरांनी छोटूला समजावलं, ते मलाही तेव्हाच कळलं. आपल्या शरीरात राखणदार असतात. रोगजंतू आले की त्यांच्याशी लढायचं, हे त्यांचं काम. पण कधी कधी राखणदाराची चूक होते आणि घरी आलेल्या पाहुण्यालाच तो चोर समजतो. छोटूचे राखणदार शेंगदाण्यातल्या प्रथिनांना चोर समजत होते. त्यांनी ‘आयजीई’ नावाची खास प्रतिद्रव्यं बनवून ठेवली होती. शेंगदाणा पोटात गेला रे गेला की ही प्रतिद्रव्यं बोंब ठोकणार. मग शरीरातल्या काही पेशींमधून हिस्टामिनसारखी रसायनं बाहेर पडणार आणि गांधी, सूज, उलटी, धाप, सगळं एकदम सुरू होणार. चोर नाहीच, पण मारामारीत घराची मात्र मोडतोड!

सगळ्या शरीरभर असा गोंधळ उडाला तर त्याला ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हणतात. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ साली हे नाव दिलं. समुद्रातल्या प्राण्यांचं विष थोडं थोडं टोचून कुत्र्यांना त्याची सवय करावी, असा त्यांचा बेत होता. घडलं उलटंच! दुसऱ्या वेळी अगदी थोडं विष दिलं, तरी कुत्रा दगावला. या संशोधनासाठी रिशे यांना १९१३ चं नोबेल पारितोषिक मिळालं. त्या चोर-चोर ओरडणाऱ्या आयजीईचा शोध मात्र १९६६ साली किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पती-पत्नींनी लावला.

आणि दवाखान्यातलं ते इंजेक्शन? ते होतं ॲड्रेनालिन. ते सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, रक्तदाब सावरतं आणि आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करतं. म्हणून अशा वेळी पहिलं औषध तेच.

*

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. आजीला हे पटेना. “शेंगांनी कुणाला काही होतं होय? आम्ही सात भावंडं शेंगांवर वाढलो,” ती म्हणाली. मग म्हणाली, “थोडं थोडं द्या, सवय होईल.” डॉक्टरांनी नेमकं हेच करू नका म्हणून बजावलं होतं. काही ठिकाणी तज्ज्ञ डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली, मोजूनमापून असा उपचार करतात, पण घरी असले प्रयोग म्हणजे आगीशी खेळ. भाजल्यानं किंवा शिजवल्यानं शेंगदाण्याची ॲलर्जी जात नाही, हेही त्यांनी सांगितलं.

आजी गप्प झाली. पण तिचा चेहरा उतरला. मला तेव्हा राग आला होता. पुढे कळलं की तिला वाटत होतं, आपण इतकी वर्षं मायेनं ज्याला भरवलं, ते विष होतं की काय!

सुरुवातीला आम्ही छोटूचं वेगळं करायचो. त्याची भाजी वेगळी, त्याचं ताट वेगळं, बसायचंही जरा लांब. दोन दिवस त्यानं ऐकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “मी काय देवाचा नैवेद्य आहे का, वेगळं ताट वाढायला?”

सगळे हसले. हसता हसता आजीनं डोळ्यांना पदर लावला. त्या रात्री ती उठली, पितळी डब्यातलं कूट एका पिशवीत भरलं आणि सकाळी कामाच्या मावशींना देऊन टाकलं. डबा चिंच लावून लख्ख घासला आणि पालथा घातला. कुणाशी काही बोलली नाही.

मग स्वयंपाकघराची झडती सुरू झाली. मिक्सरचं भांडं नीट घासता येतं, पण आजीचा दगडी खलबत्ता? त्याच्या खाचांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं. तो माळ्यावर गेला. मोठ्या हौसेनं आणलेलं लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल गेलं. शुद्ध करून गाळलेल्या तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, पण घाण्याच्या तेलात ती राहू शकतात.

होळी आली तेव्हा मला नवीनच शंका. शेंगदाणा हा काही बदाम-काजूच्या जातीचा नव्हे. तो आपल्या तुरी-हरभऱ्याच्या कुळातला, शेंगावर्गातला. फूल जमिनीवर आणि शेंग जमिनीखाली, एवढाच त्याचा वेगळेपणा. मग हरभऱ्याच्या डाळीची पुरणपोळी चालेल का? डॉक्टर म्हणाले, “आजवर पुरणपोळी खाऊन काही झालंय का? नाही ना? मग खुशाल द्या. भीतीपोटी भलतेच पदार्थ बंद करू नका. वाढतं पोर आहे.” छोटूनं त्या होळीला अडीच पोळ्या खाल्ल्या!

पाडव्याच्या खरेदीला ताई आणि छोटू माझ्याबरोबर आले. पुड्यावरची बारीक अक्षरं वाचायचं काम छोटूचं. दुसरीतल्या मुलाला वाचनाचा याहून चांगला धडा कुठला? आपल्या देशात २०२० साली झालेल्या नियमांनुसार बंद पुड्यावर ॲलर्जी आणणाऱ्या मुख्य पदार्थांची नोंद करावी लागते. दूध, अंडी, मासे, झिंगे-खेकडे, गव्हासारखी ग्लुटेनची धान्यं, सोयाबीन, शेंगदाणे, काजू-बदाम वगैरे. पण इंग्रजीत शेंगदाण्याची दोन नावं, ‘पीनट’ आणि ‘ग्राउंडनट’. ताईनं दोन्ही शब्द त्याच्या तळहातावर पेनानं लिहून दिले. प्रत्येक पुडा हातात घेऊन साहेब गंभीर चेहऱ्यानं तळहात बघायचे आणि “पास!” किंवा “नापास!” असं ओरडायचे. दुकानदारकाकांची हसून मुरकुंडी वळली.

शाळेतही बाईंना भेटून सगळं सांगितलं. वर्गात मधल्या सुट्टीत सगळे डबे मध्ये ठेवून खायचे. छोटूच्या मित्रांनी आपणहून एक नियम केला: छोटूशेजारी बसणाऱ्याच्या डब्यात त्या दिवशी दाणे नकोत. एकानं तर आईला कोशिंबिरीत कूट घालू नकोस म्हणून दम दिला म्हणे!

*

आणि मग आली चैत्रगौर. चैत्रातल्या तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू. आंब्याची डाळ, कैरीचं पन्हं, भिजवलेले हरभरे. शेजारच्या काकूंकडे आम्ही सगळ्याजणी गेलो, छोटू पन्ह्याच्या ओढीनं माझ्या मागे. काकूंना ॲलर्जीचं माहीत होतं. डाळीत, पन्ह्यात काही नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. बशीत काजूकतलीचा एक तुकडाही होता. काजू छोटूला चालतात, तपासून झालेलं. मी मान हलवली, त्यानं तुकडा तोंडात टाकला.

ती काजूकतली नव्हती. कुणीतरी आणून दिलेली शेंगदाण्याची बर्फी होती. तशीच पांढरी, तशीच शंकरपाळ्यासारखी कापलेली, तसाच चांदीचा वर्ख. काकूंनाही पत्ता नव्हता. विचारल्याशिवाय खायचं नाही, हा आमच्या घरचा पहिला नियम, आणि तो दिवसभर घोकणारी मीच विचारायला विसरले होते.

खोलीत पंधरा-वीस बायका. कुणी उखाणा घेत होतं. छोटूनं घास हातात काढला. त्याचे कान लाल झाले. मी बघत होते. क्षणभर तो नुसता इकडेतिकडे बघत राहिला. एवढ्या लोकांत बोलावं की नाही? मागच्या वेळी बोललो तर नखरे म्हणाले होते...

आणि मग तो खणखणीत आवाजात म्हणाला, “आई, टोचतंय!”

कोण उठलं सगळ्यांत आधी, सांगा बघू? मी नव्हे. आजी! गुडघेदुखीमुळे एरवी हात धरून उठणारी आजी ताडकन उठली. “पोर टोचतंय म्हणतंय! पिशवी आण!” ताई धावली. छोटूनं चूळ भरेपर्यंत गळ्यावर गांधी उमटल्या आणि खोकल्याची ढास लागली. आमच्या निळ्या पिशवीत डॉक्टरांनी लिहून दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन असतं, ते कसं द्यायचं हे मला आणि बाबांना शिकवलेलं आहे. माझे हात थरथरत होते, पण मी ते त्याच्या मांडीला दिलं. खोकल्यामुळे त्याला आडवं न करता टेकवून बसवलं, चालू दिलं नाही. काकूंच्या मुलानं गाडी काढली. इस्पितळात पोचलो तेव्हा खोकला थांबला होता. तरीही डॉक्टरांनी थांबवून घेतलं, कारण बरं वाटल्यावर काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

संध्याकाळी काकू रडत आल्या. आजीनं त्यांना जवळ बसवलं आणि म्हणाली, “अगं, तुला ठाऊक नव्हतं. मला तर सात वर्षं तो सांगत होता, तरी मी ऐकलं नाही.”

*

आता सांगा, पितळी डब्यात सध्या काय आहे? डाळं! आजीनं पंढरपुरी डाळं, सुकं खोबरं, लसूण आणि लाल तिखट नव्या खलबत्त्यात कुटून चटणी केली. अगदी सोलापुरी हातानं. तेल काही सुटत नाही, त्याची तिला रुखरुख आहे, वरून घालावं लागतं. उपासाला डाळं चालत नाही, म्हणून खिचडीत बटाटा आणि ओलं खोबरं. शेंगांच्या खिचडीची सर तिला नाही, हे मी खरं तेच सांगते. पण ती खिचडी आम्ही पाचही जण एका पंगतीत खातो आणि छोटू दुसऱ्यांदा मागून घेतो. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच खिचडी मागितली तेव्हा आजीचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता!

दूध-अंड्याची ॲलर्जी पुष्कळ मुलांची मोठेपणी जाते, शेंगदाण्याची मात्र थोड्यांचीच. छोटूची जाईल की नाही, ते कळायला वेळ आहे. म्हणून म्हटलं, गोष्ट संपलेली नाही.

आता तुमच्यासाठी चार कामं, बरं का:

१. डब्यातला खाऊ मित्राला देण्याआधी विचारा, “तुला कशाचा त्रास होतो का?” आणि त्यानं ‘नको’ म्हटलं तर आग्रह करू नका. गंमत म्हणून लपवून तर मुळीच खाऊ घालू नका.

२. खाताना ओठ, जीभ, घसा खाजला, टोचला, अंगावर गांधी उठल्या, तर लाजू नका. मोठ्या माणसाला लगेच सांगा. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. एकटे संडासात किंवा बाहेर जाऊ नका.

३. मित्राला असा त्रास झाला तर त्याला एकटं सोडू नका. एकानं त्याच्याजवळ थांबायचं, दुसऱ्यानं मोठ्यांना बोलवायला पळायचं.

४. आज घरातले कुठलेही पाच पुडे घ्या आणि त्यावरचे पदार्थ वाचा. शेंगदाणा कुठे कुठे लपलाय? यादी करून आम्हांला पाठवा.

आणि आई-बाबांनो, आजी-आजोबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मूल एखादा पदार्थ नको म्हणतं तेव्हा प्रत्येक वेळी ती ॲलर्जी नसते. कारल्याची भाजी नको म्हणणं म्हणजे बहुधा नखरेच! पण ‘टोचतं’, ‘खाजतं’, ‘गळ्यात अडकतं’ हे शब्द पुन्हा पुन्हा त्याच पदार्थाबद्दल येत असतील, तर घास भरवणं थांबवा आणि डॉक्टरांना विचारा. उलट, काही कारण नसताना तान्ह्या बाळांना शेंगदाणा देणं लांबवूही नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या संशोधनात, ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे मऊ पदार्थ देऊ लागल्यावर पुढे ही ॲलर्जी पुष्कळ कमी आढळली. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. आणि अख्खे दाणे लहान बाळाला कधीच देऊ नका, ते घशात अडकतात.

चला, गच्चीवरून आजीची हाक आली. कुरडयांवर कावळा बसलाय आणि राखणदार छोटू झोपलाय!

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमची,
छोटूची आई